टॅब नंबर पाच

आमच्या दुकानाची पाटी अर्धी होती. पूर्ण पाटी आजोबांनी परळीच्या पेंटरकडून रंगवून घेतली होती, 'महादेव किराणा व जनरल'. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली, दुकानाच्या मधोमध भिंत आली, आणि पाटीचं काय करायचं यावर पंचांनी सकाळभर विचार करून शेवटी सुताराला बोलावलं. बाबांच्या वाट्याला 'महादेव किराणा' आलं आणि मोठ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या वाट्याला 'व जनरल'. पुढे दोघांपैकी कुणीही नवी पाटी केली नाही. नवी करायची तर जुनी उतरवावी लागली असती, आणि आपला तुकडा आधी कोण उतरवणार हा प्रश्न होता. धर्मापुरीकडे जाणाऱ्या एसटीतले नवखे प्रवासी 'व जनरल' वाचून हसायचे. गावात कुणी हसत नसे. माल दोन्हीकडे तोच होता, साबण, साखर, शेंगदाणे, वह्या, उदबत्त्या. गिऱ्हाईक ज्या बाजूला सावली असेल त्या बाजूला जायचं, त्यामुळे सकाळचा धंदा आमचा आणि दुपारनंतरचा त्यांचा.

भांडण कशावरून झालं हे मला दोन्ही घरांतून समजलं. आमच्या घरी सांगत, मोठ्या बाबांनी न विचारता पिठाची गिरणी आणली. पलीकडे सांगत, माझ्या बाबांनी न विचारता ती विकली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. भिंत उभी राहिली तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे मला ती डोंगर किंवा नदी असावी तशी मुळापासूनच तिथे असल्यासारखी वाटायची. बोलणं बंद म्हणजे अगदी बंद. अडलंच तर गिऱ्हाइकामार्फत काम चाले. "तात्या, पलीकडं सांगा, तुमच्या पन्हाळाचं पाणी आमच्या पोत्यावर पडायलंय." तात्या चार पावलं चालून तेच वाक्य पुन्हा म्हणायचे, जरी पहिलं वाक्य पलीकडे स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. आई स्वयंपाकघरात बसून पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची. तीन झाल्या की म्हणायची, "डाळ हाय आज." पाच झाल्या की गप्प बसायची, कारण पाच म्हणजे पाहुणे, आणि पलीकडे पाहुणे आले म्हणजे ते आपलेही नातेवाईक, आणि ते आपल्याकडे येणार का नाही याचा घोर संध्याकाळपर्यंत.

मोठ्या बाबांची गिरिजा माझ्याहून महिन्याने लहान. आजोबांनी मरण्याआधी दोन्ही नातींना पार्वतीचीच नावं देऊन ठेवली, तिला गिरिजा, मला गौरी. आम्हाला एकमेकींशी खेळायला बंदी नव्हती आणि परवानगीही नव्हती. शाळेत खेळायचं आणि घराच्या कोपऱ्यावर आलं की एकीने पुढे जायचं, दुसरीने चप्पल नीट करत मागे थांबायचं, अशी आमची पद्धत होती. कुणी शिकवली नव्हती.

आम्ही चौथीत गेलो त्या वर्षी गावच्या शाळेत नवे सर आले आणि त्यांच्या पाठोपाठ आठ टॅब आले. कुठल्याशा कंपनीने दिले होते. सर तरुण होते, आष्टीकडचे, आणि त्यांचा यंत्रांवर लोकांचा नवसाच्या देवावर असतो तसा विश्वास होता. चौथीत आम्ही सोळा पोरं. सरांनी टॅबच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने आकडे टाकले आणि हजेरीच्या क्रमाने दोघादोघांत एक असे वाटले. हजेरी नावाच्या पहिल्या अक्षरावरून. गिरिजा नववी, मी दहावी. टॅब नंबर पाच. शाळेत दोघींनी मिळून वापरायचा, आणि घरचा अभ्यास करायला एक दिवस एकीच्या घरी, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या घरी न्यायचा. आज तो टॅब कुणाला दाखवला तर पाट्या-वरवंट्याइतका जुना वाटेल, पण त्या दिवशी आम्ही हात धुऊन त्याला हात लावला.

दुसऱ्याच दिवशी मोठे बाबा शाळेत आले. टोपी काढून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या पोरीला दुसऱ्या कुणासंगं बसवा."

"का हो?"

"कावून म्हणजे? तुमी गावात नवे हाव. इचारा कुणालाबी."

सर म्हणाले, "हजेरीचा क्रम ऑनलाइन भरून झालाय. आता बदलत नाही."

त्या काळी एखादी गोष्ट ऑनलाइन भरली आहे असं सांगितलं की महादेवालाही ती बदलता येत नाही अशी लोकांची समजूत होती. मोठ्या बाबांनी टोपी घातली आणि ते गेले. सरांनी खोटं सांगितलं होतं की खरं, हे मी नंतर त्यांना कितीदा तरी विचारलं. ते दर वेळी वेगळं उत्तर देत.

सरांचा एक उपक्रम होता, 'आज घरी काय शिजलं?' रोज टॅबवर जेवणाचा फोटो काढायचा आणि त्याखाली पाच वाक्यं लिहायची. एक दिवस माझी पाळी, एक दिवस गिरिजाची, आणि फोटो सगळे त्याच टॅबमध्ये राहायचे. पहिल्या आठवड्यात आईने टॅब हातात घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठीआईच्या, म्हणजे गिरिजाच्या आईच्या, येसर आमटीचा फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघून म्हणाली, "तेलाचा तवंग बग. मसाला कच्चा राह्यलाय." मी ते गिरिजाला सांगितलं, गिरिजाने घरी सांगितलं असणार, कारण पुढच्या पाळीला पुन्हा येसर आमटीच आली आणि फोटो वाटीच्या इतक्या जवळून काढलेला होता की वाटी दिसतच नव्हती. आईने तो पाहिला आणि आमच्या पुढच्या पाळीला कारण नसताना धपाटे केले, बरोबर दही, शेंगदाण्याची चटणी आणि उभी चिरलेली काकडी. आम्ही आधी कधी काकडी उभी चिरून खाल्ली नव्हती. मग शेंगोळे आले, मग पलीकडून दाण्याचं कूट पेरलेला चुरमुऱ्यांचा सुशीला, मग आमच्याकडून पुरणपोळी, सण नसताना. दोन जावा सात-आठ वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या आणि आता ताटांतून रोज भांडत होत्या. बाबांचं वजन वाढलं. पलीकडे मोठ्या बाबांचंही वाढलं असं गिरिजा म्हणाली. दोघेही, बायकोला अचानक झालंय तरी काय, असा विचार करत गुपचूप जेवत होते.

गावात रेंज फक्त महादेवाच्या देवळामागच्या कट्ट्यावर यायची. त्यामुळे दुपारी खिचडी खाऊन झाली की सर आम्हाला रांगेने कट्ट्यावर न्यायचे, आपला फोन नंदीच्या पाठीवर ठेवायचे, आणि त्याच्या हॉटस्पॉटवर आमचे टॅब जोडायचे. शाळेचं फेसबुकवर पान होतं आणि सरांनी सगळ्या टॅबवर तेच खातं उघडून दिलं होतं. म्हणजे कुठल्याही पोराने काही टाकलं की जगाला वाटायचं शाळेने टाकलं. पानावर आमचे ताटांचे फोटो, पाढे म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ, झाडं लावतानाचे फोटो. गावातले लोक आवर्जून बघायचे, कारण पोरं दिसायची. पुण्याला कामाला गेलेले बघायचे, आणि उसाच्या तोडीला गेलेले तर फडातून बघून 'छान' लिहायचे.

चित्रकलेच्या तासाला सरांनी बॅनर करायचं ॲप शिकवलं आणि त्यांना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. आमच्याकडे वाढदिवसाचा बॅनर ही साधी गोष्ट नाही. मधे ज्याचा वाढदिवस त्याचा मोठा फोटो, गॉगल लावलेला, फोन कानाला. वर देव आणि पुढारी. आणि खाली गोल, छोटे छोटे, त्यांत शुभेच्छुक. गोलात कोण आहे, कुणाच्या आधी आहे, कुणाचा गोल बारीक झाला, यावरून आमच्या जिल्ह्यात बोलणी बंद झालेली आहेत. गोलात फोटो आला म्हणजे तुम्ही त्या माणसाचे. नंतर नाही म्हणता येत नाही. हे सगळं चौथीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. गिरिजाचा हात चांगला होता. महिनाभरात गावातली मोठी मंडळी शाळेच्या फाटकावर उभी राहून तिच्याकडून बॅनर करून घेऊ लागली आणि मी शेजारी बसून नावांचा क्रम लावायचे. ते काम मला जमायचं, कारण कुणाच्या खाली कुणाला ठेवलं तर कोण रुसेल हे ओळखायला मी त्या घरात वाढले होते.

सहामाही परीक्षेच्या आधी गिरिजाने सांगितलं की दिवाळीनंतर ती परळीच्या इंग्लिश शाळेत जाणार. पिवळी व्हॅन दारात येणार, टाय असणार.

"कावून?" मी विचारलं.

"बाबा म्हणले, तितं टॅब एकेकाला एकेक हाय."

हे खरं कारण नव्हतं आणि आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. टॅब नंबर पाच एक दिवसाआड त्यांच्या उंबऱ्यातून आत जात होता आणि त्याच्याबरोबर आमचं घर जात होतं. मोठ्या बाबांना ते सोसेना. मी त्या दिवशी जेवले नाही. आईला वाटलं ताप आहे. ताप नव्हता. मला गिरिजा शेजारी हवी होती, बाकी काही नको होतं, आणि हे सांगायला घरात जागा नव्हती, कारण सांगायचं म्हणजे पलीकडचं नाव घ्यायचं.

गिरिजाचा वाढदिवस परीक्षेच्या आठवड्यातच यायचा. मी म्हटलं, "तुझा बॅनर करू." ती म्हणाली, "पोरींचा कुटं असतोय?" तरी लगेच तयार झाली. टॅब नंबर सहा उसना घेऊन मी तिचा फोटो काढला, टॅब नंबर पाच कानाला लावलेला. ॲपमधल्या नमुन्यावर 'धडाडीचे युवा नेतृत्व' असं आधीच छापलेलं होतं आणि ते खोडता येत नव्हतं, म्हणून त्याखाली आम्ही लिहिलं, 'कु. गिरिजा, इयत्ता चौथी'. खाली सहा गोल होते. मोकळा गोल ठेवून चालत नाही, त्यात एक करड्या रंगाचं बिनचेहऱ्याचं डोकं दिसत राहतं. एकात सरांना घातलं. एकात आई, एकात मोठीआई, दोघींचे फोटो ताटांच्या मागे अर्धवट आलेले होतेच. एकात नंदी. उरले दोन.

गिरिजा म्हणाली, "थांब," आणि दुसऱ्या दिवशी, टॅब तिच्या घरून आला तेव्हा, त्यात एका फोटोचा फोटो होता. मोठ्या बाबांच्या गल्ल्यात सगळ्यात खाली, कागदाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता म्हणे. शिवरात्रीच्या यात्रेत काढलेला. मागे रंगवलेला धबधबा, पुढे दोन तरुण, आणि थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर. माझ्या बाबांना मिशी फुटत होती. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं आणि क्षणभर हे कोण, असं वाटलं. आम्ही फोटो कापून दोन केले. पहिल्या गोलात मोठे बाबा बसले, त्यांचा हात गोलाबाहेर गेलेला. दुसऱ्यात माझे बाबा, पण कसंही सरकवलं तरी खांद्यावरचा तो हात निघेना. वाकड्या करंगळीचा हात. लहानपणी बाबांच्या हातून गुळाची ढेप निसटून मोठ्या बाबांची ती करंगळी मोडली होती, गावाला ही गोष्ट माहीत होती. गिरिजा म्हणाली, "राहू दे, कोण बगतंय." क्रम मी लावला. आधी थोरले, मग धाकटे.

पोरींनी घर जोडलं, असं लोक अजून सांगतात, आणि मी मान हलवते. खरं सांगायचं तर आमच्या मनात तसं काही नव्हतं. सहा गोल होते आणि ते भरायचे होते. एवढं मात्र होतं, की तिच्या शेवटच्या बॅनरवर आमच्या घरचं कुणी नसावं हे मला पटत नव्हतं.

दुपारी कट्ट्यावर आम्ही तो शाळेच्या पानावर टाकला. सर पहिलीच्या पोराचं नाक पुसत होते. आम्ही शाळेतून सुटेपर्यंत कट्ट्यावर येणाऱ्यांनी तो उतरवून घेतला होता आणि गावातल्या प्रत्येक फोनवर गेला होता. पहिले आले सोपान तात्या, तेच, पन्हाळाचं सांगणारे. बाबा शेंगदाणे निवडत होते. तात्यांनी फोन समोर धरला आणि म्हणाले, "लई बेस झालं बग. मिटवलंव, आन् आमाला सांगितलंबी न्हाई."

"काय मिटवलं?"

"आता काय लपवतोस. शाळंनं टाकलंय की."

बाबांनी फोन घेतला. मी दारात दप्तर धरून उभी होते आणि मार कुठे बसेल याचा अंदाज करत होते. त्यांनी आधी गिरिजाचं युवा नेतृत्व वाचलं. मग गोल पाहिले. मग दोन बोटं लावून आपला गोल मोठा केला, अजून मोठा केला, इतका की त्यांचा चेहरा बाहेर गेला आणि पडद्यावर नुसता खांदा आणि हात राहिला. ते बराच वेळ बघत राहिले. फोन विझला. त्यांनी तो पुन्हा लावायला तात्यांपुढे केला. मग म्हणाले, "हा फोटो वाटणीत गेला म्हणून म्या किती हुडकला. त्याच्याकडं हाय तर." बस, एवढंच. मला मार बसला नाही. तात्यांनी आमच्याकडे चहा घेतला आणि मग पलीकडे जाऊन तिथेही घेतला.

त्या संध्याकाळी दोन्ही दुकानांवर इतके लोक आले की बाबांनी कधी न उघडलेली दुसरी फळी उघडली. कुणी पेढे आणले. दोघेही भाऊ हात जोडत होते, कारण गोलात फोटो असताना, हे आमचं नव्हेच, असं म्हणायचं म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीच्या वाढदिवसाला शुभेच्छा नाहीत असं जाहीर करायचं. गर्दी ओसरल्यावर बाबा उठले, ओटा उतरले आणि 'व जनरल' खाली जाऊन उभे राहिले. मी आणि आई दाराआडून बघत होतो. पलीकडच्या दाराआड मोठीआई होती हे तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

बाबा म्हणाले, "दादा, फोटो म्या दिला न्हाई."

मोठे बाबा म्हणाले, "म्याबी दिला न्हाई."



"मंग लोकांना काय सांगायचं?"

"काय सांगतूस आता. पेढे खाल्ले त्यांनी."

त्यांच्या समेटाची सगळी बोलणी एवढीच. मिठ्या नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. पण लोकांना काय सांगायचं हे ठरवायला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटले, आणि तिसऱ्याही दिवशी, कारण लोक रोज नवं काही विचारत. सकाळी सावली आमच्याकडे असेपर्यंत मोठे बाबा आमच्या ओट्यावर बसू लागले. भिंत राहिली. पाटीही तशीच राहिली. आई आणि मोठीआई बोलू लागल्या आणि आमची उभी काकडी बंद झाली, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. सरांनी आम्हा दोघींना आठवडाभर टॅबला हात लावू दिला नाही. न विचारता लोकांचे फोटो पानावर टाकायचे नसतात, हे वाक्य पन्नास वेळा लिहायला लावलं, वहीत, पेनाने.

दिवाळीनंतर पिवळी व्हॅन आली आणि पुढे निघून गेली. सोपान तात्यांनी कट्ट्यावर सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आता एक झालाव तर पोर कावून धाडतूस परळीला?" गिरिजा चौथी संपेपर्यंत माझ्या शेजारी बसली. नंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या, ती लांब गेली, मी दुकानाजवळच राहिले. पण ते एक वर्ष मला मिळालं, आणि इतकं पुरेपूर मिळालेलं दुसरं वर्ष मला आठवत नाही.

बाबा गेले तेव्हा मी शाळेत बाई झालेली होते. चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लावायचा म्हणून मी परळीला निघाले तर मोठे बाबा काठी टेकत बरोबर आले. आईने पेटीतून फोटो काढून दिला होता. इतक्या वर्षांत फोटो ढिगाने निघाले होते, पण बाबांनी आमच्या बॅनरवरचा तोच गोल कागदावर छापून घेऊन जपून ठेवला होता. बॅनरच्या दुकानातल्या पोराने तो मशीनवर घेतला, पडद्यावर मोठा केला आणि म्हणाला, "ताई, खांद्यावर कुणाचा तरी हात आलाय. काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम हाय."

मागच्या स्टुलावरून मोठे बाबा म्हणाले, "राहू दे. माझा हाय."

पोराने मागे वळून त्यांच्या करंगळीकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवला. मग त्याने विचारलं, "शोकाकुल म्हणून खाली कुणाकुणाची नावं टाकू?"

मी यादी काढली होती, क्रमही लावला होता. मोठ्या बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, घडी करून खिशात टाकली आणि त्या पोराला म्हणाले, "एकच लिही. महादेव किराणा व जनरल."